पुरोहितांच्या पाठीमागची खुर्ची

मान मिळाला की माणूस आधी फुगतो आणि मग अडकतो. आमच्या बाइंडरचं नेमकं तसंच झालं. वाचकहो, तुमच्याआमच्यापैकी ज्याचं असं कधीच झालं नसेल त्यानं खुशाल हसावं.

बाइंडरचं पुस्तकबांधणीचं छोटं दुकान होतं. खळ, दोरा आणि उसवलेली पुस्तकं यांत त्याची वीस वर्षं गेली होती. सिनेगॉगमधली, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनामंदिरातली, तीनशे प्रार्थनेची पुस्तकं पार खिळखिळी झाली, तेव्हा त्यानं ती एकेक करून शिवली, नवे पुठ्ठे चढवले आणि मजुरी मागितली नाही. कमिटी खूश झाली. अध्यक्षांनी सगळ्यांदेखत त्याला पुढच्या भिंतीची खुर्ची दिली.

या खुर्च्या होत्या बारा. धर्मग्रंथाच्या गुंडाळ्या ठेवायच्या पवित्र कपाटाच्या दोन्ही अंगांना सहा-सहा, भिंतीला टेकून मांडलेल्या. तिथे बसलेला माणूस शेवटच्या बाकावरूनही सगळ्यांना दिसायचा, आणि गंमत म्हणजे त्यासाठीच त्या खुर्च्या होत्या. तिथले नियमही मानाचे. लहान मुलं जवळ घ्यायची नाहीत, प्रार्थना चालू असताना उठायचं नाही. बाइंडरची खुर्ची तर अगदी कोपऱ्यात. एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला अध्यक्षांचे लांबलचक गुडघे आणि त्यांची काठी. बाहेर पडायला दुसरी वाट नव्हती.

पहिल्या आठवड्यात त्याची छाती फुगली. दुसऱ्या आठवड्यात बायकोनं कोटाला इस्त्री करून दिली. तिसऱ्या आठवड्यापासून त्याला तिथे गुदमरायला लागलं.

कारण होतं आशीर्वादाचं. प्रार्थना संपत आली की पुरोहित घराण्यातले पुरुष, म्हणजे कोहेन, हात धुऊन, बूट काढून कपाटापुढे चढतात. मग ते लोकांकडे वळतात आणि शाल डोक्यावरून ओढून, तिच्याखाली हात पसरून आशीर्वाद देतात. लोकांनी समोर उभं राहायचं, नजर खाली ठेवायची, मुकाट्यानं ऐकायचं. बाप त्या वेळी आपली लेकरं आपल्या शालीखाली घेतो. बाइंडरनं आपल्या मुलीला ती कडेवर होती तेव्हापासून असंच घेतलं होतं. आता ती नऊ वर्षांची होती आणि सहा आठवडे शेवटच्या बाकाशी एकटीच उभी राहत होती. बापाला मात्र कोपऱ्यातून दिसायच्या पुरोहितांच्या पाठी आणि टाचा. एकाचा मोजा फाटका होता, हेही त्याला पाठ झालं होतं.

त्यातून येत्या मंगळवारी मुलीच्या कानाचं ऑपरेशन ठरलं. डावा कान गेलेलाच होता, उजवाही मंदावत चालला होता. डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नाही. "सुधारेल, नाहीतर जे थोडं ऐकू येतंय तेही जाईल," ते म्हणाले.

शुक्रवारी दुपारी मुलीनं विचारलं, "बाबा, उद्या मला शालीत घेशील?"

"बघू."

"बघू म्हणजे नाही," असं म्हणून ती आत निघून गेली.

सासूबाई खिडकीशी कपड्यांच्या घड्या घालत होत्या. कोहेनची मुलगी त्या, आणि जिभेला हाड नाही! त्यांनी टॉवेल बाजूला ठेवला.

"जावईबापू, एक विचारू? तुम्हाला तरी आशीर्वाद मिळतो का?"

"म्हणजे काय! सगळ्यांत जवळ मीच असतो."

"जवळ असता, पण पाठीमागे. माझे वडील नेहमी सांगायचे. धर्माचा कायदा स्पष्ट आहे. पुरोहितांच्या पाठीमागे जे राहतात ते त्या आशीर्वादात धरलेले नाहीत. पुढे येऊन समोर उभं राहावं लागतं."

बाइंडर चपापला. "मग शेतावर, कामावर गेलेल्यांचं काय? ते तर कोसभर लांब असतात."

"त्यांना पोचतो!" सासूबाई म्हणाल्या. "त्यांना यायचं असतं हो, पण कामानं बांधलेलं असतं. अडलेल्याला आशीर्वाद शोधत जातो. तुम्हाला कोणी बांधलंय? दहा पावलं चालायचीत, तर तुमचा मान आडवा येतो."

"तसं नाही, आई. तिथून उठणं म्हणजे अध्यक्षांचा अपमान. शाळांच्या पुस्तकांचं काम त्यांच्याच शब्दानं मिळतं मला. इकडे आड, तिकडे विहीर."

"नाकापेक्षा मोती जड झालाय तुम्हाला," सासूबाई म्हणाल्या आणि पुन्हा टॉवेल उचलला.

दुसऱ्या दिवशी बाइंडर खुर्चीत बसला होता, पण त्याचं प्रार्थनेत लक्ष नव्हतं. भिंत पाठीला टोचत होती. गळ्याचं बटण आवळत होतं. पुरोहित हात धुवायला बाहेर गेले तसा तो अर्धवट उठला.

"कुठे?" अध्यक्ष ओठ न हलवता पुटपुटले.

"खाली. मुलीपाशी."

"बसा. इथून उठून गेलेल्याला परत इथे बसवत नाही आम्ही. लोक बघतायत."

तो बसला! हो, बसला. आपणही असेच बसतो की नाही, सांगा बरं. कुणीतरी हळूच 'लोक बघतायत' म्हणतं आणि आपले गुडघे वाकतात.

पुरोहित आत आले. त्यांनी बूट काढले. बाइंडरनं समोर पाहिलं. शेवटच्या बाकाशी मुलगी मान वाकडी करून, उजवा कान पुढे धरून उभी होती. एकही शब्द सुटू नये म्हणून. पुढच्या शनिवारी तो कान असेल की नसेल, कोणाला ठाऊक? आणि आपण इथे कशाची राखण करतोय? एका लाकडी खुर्चीची!

"सरका," तो अध्यक्षांना म्हणाला.

अध्यक्ष सरकले नाहीत. मग बाइंडरनं सरळ त्यांच्या गुडघ्यांवरून तंगडी टाकली. काठी खाडकन पडली, शाल खुर्चीच्या हातात अडकली, ती त्यानं ओढून सोडवली. सगळं सिनेगॉग बघत राहिलं. तो बाकांमधून जवळजवळ धावतच गेला. पुरोहितांना आशीर्वादासाठी हाक गेली तेव्हा मुलगी त्याच्या शालीखाली होती आणि तिची बोटं त्याच्या कोटात घट्ट रुतली होती. त्यानं नजर खाली घातली. पुरोहितांचा आवाज या वेळी समोरून आला, आणि त्याला रडू फुटलं.

प्रार्थना संपल्यावर अध्यक्षांनी त्याला जिन्यापाशी गाठलं. सोबत रब्बी, म्हणजे धर्मगुरू, होते. बाइंडरनं पाठीमागे राहणाऱ्यांबद्दलचा कायदा सांगितला.

"हा कायदा खरा आहे का?" अध्यक्षांनी रब्बींना विचारलं.

"खरा आहे. मी दोनदा सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, पुढच्या मीटिंगला घेऊ."

अध्यक्ष काठीवर वाकले. "माझे वडील बावीस वर्षं त्या भिंतीशी बसले. शेवटी शेवटी चालवत नव्हतं, तरी आशीर्वादासाठी यायचे. म्हणजे त्यांना..."

बाइंडरचा राग ओसरला. "त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं ना? ठाऊक नसलेला माणूसही अडलेलाच. त्यांना पोचला असणार."

रब्बींनी मान डोलावली.  अध्यक्ष हळूच म्हणाले, "पण मला ठाऊक होतं."

आणि ते काठी टेकत जिना उतरून गेले.

पुढच्या शनिवारी पुरोहित हात धुवायला निघाले आणि अध्यक्ष काठी टेकत उठले. ते उठले म्हणून बाकीचेही उठले. बारा खुर्च्या रिकाम्या झाल्या आणि ती मानाची माणसं खालच्या गर्दीत, खांद्याला खांदा लावून उभी राहिली. बाइंडरची मुलगी कानाला पट्टी बांधून बापाच्या शालीखाली होती. कान किती सुधारला ते पट्टी सुटल्यावर कळणार होतं. आशीर्वाद म्हणजे काही औषध नव्हे. पण देवाच्या त्या घरात आता कोणी एकटं उभं राहत नव्हतं.

बंधुभगिनींनो, मान जरूर घ्यावा. पण ज्या खुर्चीतून उठून आपल्या लेकराजवळ जाता येत नाही, ती मानाची नव्हे, तो पायातला खोडा! जे खरोखर अडलेले असतात त्यांना आशीर्वाद शोधत जातो. जे स्वतःच स्वतःला अडकवून घेतात, त्यांना मात्र स्वतःच उठावं लागतं.