यंत्र अडकतं ती जागा

त्या रविवारी दुपारी अप्पांनी शेजारच्या रैमामांच्या टीव्हीवर राक्षसाची डरकाळी सोडली.

रैमामा बातम्या बघत होते. कुंपणापलीकडून आधी पेला पडल्याचा आवाज आला, मग अप्पांना हाक.

"ओ भट्रे! सत्तरी उलटली, आता तरी सुधारा!"

अप्पा आमच्या पडवीत मांडीवर फोन ठेवून बसले होते. चेहरा अगदी नामानिराळा.

"मी काय केलं, रै? तुमचा टीव्हीच बातम्यांना कंटाळला असेल."

विट्ला गावाच्या आमच्या बाजूला इंटरनेटची तार आमच्या घरापर्यंत येऊन थांबली होती. सुपारीच्या बागेतून ती पुढे न्यायला कोणी तयार नव्हतं. म्हणून रैमामा आमचंच वाय-फाय वापरत. अप्पांनी ते आनंदाने दिलं होतं, फक्त पासवर्ड ठेवला होता 'रै हरले'. नवा फोन घेतला की रैमामांना तो आपल्याच बोटांनी टाइप करावा लागे.

अप्पा टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले, पण त्यांचा खरा धंदा ताळमद्दळेचा. त्यात ना वेश, ना नाच. भागवत, म्हणजे गायक, पद गातो, मृदंगासारखं मद्दळे वाजतं, आणि खुर्च्यांवर बसलेली माणसं आपापल्या पात्राची बाजू घेऊन भांडतात. संवाद कोणी लिहून देत नाही. समोरच्याच्या प्रश्नाला उत्तर सुचलं नाही तर तुम्ही हरलात, मग कथेत तुमचं पात्र जिंकणारं का असेना. अप्पा चाळीस वर्षं असे भांडले. रैमामा त्यातली तीस वर्षं मद्दळे वाजवत शेजारी बसले, आणि घरी येताना कोण जिंकलं यावरून पुन्हा भांडले.

या सगळ्याची रेकॉर्डिंग अप्पांनी एका जुन्या संगणकात भरली होती. त्याला ना पडदा, ना कळफलक. फडताळात, लोणच्याच्या बरण्यांमागे, तो नुसता घुमत असे. त्यातलं एक सॉफ्टवेअर ती रेकॉर्डिंग आमच्या वाय-फायवरच्या कुठल्याही टीव्हीवर पाठवी. टीव्हींची नावं अप्पांनीच ठेवली होती. आमचा 'राजसभा', रैमामांचा 'शत्रूची छावणी'.

टीव्हीशेजारच्या भिंतीवर अप्पांच्या अक्षरातला कागद चिकटवलेला होता. संगणक झोपलेला असेल तर काही दिसणार नाही, आधी त्याला उठवा. दोघे एकाच वाय-फायवर हवेत. काही जुन्या फिती टीव्हीला कळत नाहीत, त्या संगणक वाटेत बदलून देतो, पण तो म्हातारा आहे, धापा टाकेल, घाई करू नका. आणि शेवटी दोनदा अधोरेखित केलेलं : घराबाहेर चालत नाही.

त्या शेवटच्या ओळीवरून मी त्या दिवशीही कुरकुरले. मी म्हैसूरला कॉलेजात शिकवते, घरी यायचं म्हणजे अख्खी सुट्टी लागते.

"अप्पा, मला तिथून ऐकता येईल असं काहीतरी करा ना."

"नाही होत. मर्यादा आहे त्याची."

"त्याची की तुमची?"

"ऐकायचं असेल त्याने घरी यावं," ते म्हणाले. फणसाचा पापड मोडून त्यातला मोठा तुकडा त्यांनी माझ्यापुढे सरकवला. मग दरवेळी जे विचारत तेच विचारलं.

"उत्तर होतं की नव्हतं?"

मी दरवेळी जे सांगत असे तेच सांगितलं. "नव्हतं."

"खोटारडी," अप्पा खुशीत म्हणाले, आणि रैमामांच्या टीव्हीवर आणखी एक डरकाळी सोडली.

ती गोष्ट एकवीस वर्षांपूर्वीची. मी सतरा वर्षांची होते. देवळाच्या सभागृहात पहिल्यांदाच अप्पांच्या समोर बसले होते. ते राजा, मी दूत. तो दूत त्या राजाच्याच वाड्यात वाढलेला, पण आता शत्रूचा निरोप घेऊन आलेला. पाऊण तास मी नीट बोलले. मग अप्पा पुढे झुकले. "दूता, ही जीभ तुझी की तुझ्या नव्या धन्याची?" आणि मी गप्प झाले. सभागृह थांबलं. रैमामांनी दोन थापा जास्त वाजवून मला वेळ दिला. मी मान खाली घातली ती वर केलीच नाही. शेवटी अप्पांनीच काहीतरी बोलून प्रसंग पुढे नेला. त्यानंतर मी कधी त्या खुर्चीवर बसले नाही. लोक म्हणाले, पोर घाबरली. मीही तेच म्हणत आले.

मंगळवारी सकाळी अप्पा मिरीच्या वेलाला आधार बांधायला बागेत गेले आणि तिथेच बसले. मी म्हैसूरहून पोचले तेव्हा त्यांना पडवीत आणलेलं होतं.

तेराव्यानंतर अम्माला मी माझ्याबरोबर म्हैसूरला न्यायचं ठरलं. उद्या सकाळची बस. घर बंद होणार, तारही तोडायला सांगून झालं होतं. सामान बांधून झालं तेव्हा अम्मा म्हणाली, "तुझ्यासाठी काहीतरी ठेवलंय म्हणत होते. त्या बरण्यांमागच्या डब्यात."

फोनवर यादी उघडली. चारशे नावं. सगळ्यात खाली, मागच्या महिन्यातलं एक, माझ्या नावाचं : 'सुगुणा – उरलेला भाग.'

फोनवर लावून पाहिलं, चित्र आलं, आवाज आला नाही. म्हणून टीव्हीवर पाठवलं. आमच्या टीव्हीवर काहीच उमटेना. मी दोनदा दाबलं, तिसऱ्यांदा दाबलं. तेवढ्यात कुंपणापलीकडे खुर्ची उलटली.

"अय्यो! परमेश्वरा! भट्रे आलेत!"

हात घाईत 'शत्रूची छावणी'वर पडला होता. रैमामा अनवाणी धावत आले. खांद्यावर पंचा, हातात अर्धं खाल्लेलं केळं.

"मेल्यावरही माझ्याच टीव्हीवर?" ते धापा टाकत म्हणाले. "डोळ्यात डोळे घालून बसलेत माझ्या! बातम्या तरी संपू द्यायच्या!"

अम्मा तोंडाला पदर लावून हसली. तेरा दिवसांत पहिल्यांदा.

"बसा, रैमामा," मी म्हटलं. "इथेच बघू."

'राजसभा'वर अप्पा आले. हीच पडवी, हीच खुर्ची. ठेवणीतला जरीकाठी शेला, शेजारी पाण्याचा तांब्या-पेला, मागे छताला हाच करकरणारा पंखा. त्यांनी घसा खाकरला.

"दूता! एकवीस वर्षं झाली, राजा अजून सिंहासनावरच बसून आहे. पाठ दुखायला लागली. पुन्हा विचारतो. ही जीभ तुझी की तुझ्या नव्या धन्याची?"

आणि चित्र थांबलं. अप्पा पुढे झुकलेले, भुवया वर. आवाज नाही, हालचाल नाही.

"अडकलं," मी म्हटलं.

मागे नेऊन पुन्हा लावलं. पुन्हा तिथेच अडकलं. कागदावर लिहिलंच होतं, म्हातारा आहे, धापा टाकेल. मग आम्ही त्या म्हाताऱ्याच्या सेवेला लागलो. अम्माच्या फोनवर भजन चालू होतं ते बंद केलं. रैमामा पळत जाऊन आपला टीव्ही बंद करून आले, वर घरातला फ्रीजही बंद करून आले.

"फ्रीजचा काय संबंध, मामा?"

"असू दे. भट्रेंचं यंत्र आहे, त्यांच्यासारखंच हेकट असणार."

मी बरण्या काढून संगणकाला हवा दिली. माळ्यावरून लांब तार शोधून तो थेट राउटरला जोडला. अम्माने टेबलफॅन आणून त्याच्यासमोर ठेवला, जसा ती अप्पांना ताप आला की ठेवायची. आवळ्याच्या लोणच्याचा वास सगळ्या घरात पसरला.

तिसऱ्यांदा लावलं. अप्पांनी घसा खाकरला, पाठ दुखल्याची तक्रार केली, प्रश्न विचारला, आणि पुन्हा तिथेच अडकले.

"गेलं," मी म्हटलं. माझा आवाज मला आवडला नाही. "या यंत्राच्याने हे होत नाही. उद्या तर सगळं बंदच होणार."

मी बंद करायला फोन उचलला.

"थांब," रैमामा म्हणाले. ते टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन उभे होते, केळ्याची साल अजून हातातच. "यंत्र अडकलंय म्हणतेस?"

"दिसत नाही का?"

"मग मागचा पंखा कसा फिरतोय?"

पंखा फिरत होता. शेल्याचं टोक हलत होतं. अप्पांच्या कपाळावर एक माशी बसली, चालली, उडाली. अप्पांनी पापणीसुद्धा लववली नाही.

"तीस वर्षं शेजारी बसलोय मी या माणसाच्या," रैमामा हळू म्हणाले. "प्रश्न टाकला की असाच दगड होऊन बसायचा, समोरचा घामाघूम होईपर्यंत. हा अडकलेला नाही, पोरी. हा वाट बघतोय."

पडद्यावरचा पंखा आणि डोक्यावरचा पंखा, तोच एक, दोन्हीकडे करकरत होता. मी पाहिलं, दीड मिनिट गेलं. आम्ही दरवेळी पंधरा-वीस सेकंदांतच बंद करत होतो.

मग अप्पा हलले. पेला उचलला, सावकाश दोन घोट प्यायले, ओठ पुसले.

"यंत्राला शिव्या घालून झाल्या?" त्यांनी विचारलं. "रै फ्रीज बंद करून आला असेल. त्याला सांग, आइस्क्रीम वितळेल."

"अय्यो," रैमामा म्हणाले, पण जागचे हलले नाहीत.

"आता ऐक," अप्पा म्हणाले. आवाज राजाचा राहिला नव्हता. "त्या दिवशी माझा घसा बसला होता आणि सुचणंही थांबलं होतं. तू उत्तर दिलं असतंस तर माझ्याकडे पुढचं वाक्य नव्हतं. गावासमोर हरलो असतो. हे तुला कळलं होतं, हे मला तेव्हाच कळलं. मुलीने दिलेली माफी घेऊन राजाने किती वर्षं बसायचं? उत्तर होतं, सुगुणा. ते मला हवंय. मी थांबतो."

त्यांनी शेला सावरला, हात मांडीवर ठेवले आणि पुन्हा दगड झाले.

अम्माने टेबलफॅन बंद केला. रैमामा खाली बसले, मांडी घातली, आणि समोर नसलेल्या मद्दळेवर, जमिनीवर बोटांनी, दोन थापा दिल्या. एकवीस वर्षांपूर्वी जास्तीच्या वाजवल्या होत्या त्याच.

मी खुर्ची ओढून टीव्हीसमोर घेतली. बसले. पाठ ताठ केली.

"जीभ तुमचीच, महाराज," मी म्हटलं. पहिल्यांदा नीट आलं नाही, म्हणून पुन्हा म्हटलं, मोठ्याने. "जीभ तुमचीच. तुमच्या घरच्या मिठावर वाढली, बोलायलाही तुम्हीच शिकवलंत. म्हणूनच ती तुमच्याविरुद्ध बोलेल तेव्हा तुम्हाला ऐकावं लागेल. उत्तर होतं, अप्पा. तेव्हाही हेच होतं."