पहिली पळी

मुक्ताबाईला स्वतःच्या आवाजाचा भारी गर्व होता आणि तो तिनं कधी लपवला नाही. देवळातला माईक बंद पडला की ही बया खूश! "लायटीवर चालणारा आवाज न्हाय हा, करकंब गावच्या ज्वारीवर वाढलाय," म्हणायची. अक्कलकोट रोडवरच्या वसाहतीत दत्ताचं देऊळ आहे, तिथल्या भजनी मंडळाची ती बावीस वर्षं प्रमुख. दत्तजयंतीच्या दुसऱ्या दिवशी दुपारी महाप्रसाद असतो, त्या पंगतीत श्लोक उचलायचा मानही तिचाच.

त्या पंगतीची रीत आधी सांगायला हवी. भात-आमटी वाढून झाली तरी कुणी घासाला हात लावायचा नाही. मुक्ताबाईनं उभं राहून अन्नदात्याचं नाव पुकारायचं. ज्याचं नाव पुकारलं, त्यानं स्वतःच्या हातानं हुग्गीची, म्हणजे गव्हाच्या खिरीची, पहिली पळी वाढायची. मग श्लोक, आणि मग घास. नगरसेवक का असेना, तोवर हात मांडीवर ठेवून गप बसायचं.

गेली आठ वर्षं पुकारलं जायचं ते नाव एकच, आबासाहेब. मूळचे माढ्याकडचे, इथं एमआयडीसीत टॉवेलचा कारखाना. माणूस देवभोळा. देवळाची फरशी त्यांची, कळस त्यांचा, दर गुरुवारचे पेढे त्यांचे. मुक्ताबाई त्यांचं नाव असं पुकारायची की कावळे उडायचे.

यंदा कार्तिकात शरणम्माचे टाळ चुकायला लागले. शरणम्मा मंडळातली जुनी टाळकरी, अक्कलकोटाकडची, घरात कन्नड आणि देवळात मराठी. मुक्ताबाईनं भर भजनात तिला झापलं. "हात कुटं ठेवून आलीस गं?" बाया फिसकन हसल्या. पुढचे दोन गुरुवार शरणम्मा आलीच नाही. आता भजन बुडवतेस का, असं म्हणत मुक्ताबाई तावातावानं तिच्या खोलीवर गेली, आणि दारातच तिचा ताव उतरला. शरणम्मा उंबऱ्यात बसून कोमट पाण्यात बोटं शेकत होती. उजव्या हाताची दोन बोटं वळतच नव्हती.

"सोळा वर्षं टॉवेलाच्या कडा शिवतेय, अक्का," शरणम्मा म्हणाली. "डझनाला चार रुपये. सहा वर्षं झाली, दर हलला न्हाय. आमी चाळीसजणी हाव. सात करा म्हणून साहेबांकडं गेलो, बोलले मी एकटीच. दुसऱ्या दिवशी माझ्या मशीनवर दुसरीच बाई बसलेली."

कारखाना आबासाहेबांचा, हे मुक्ताबाईला ठाऊक होतं. दर मात्र तिनं कधी विचारला नव्हता. आठ वर्षं पेढे खाल्ले, नाव पुकारलं, आणि शेजारी टाळ वाजवणाऱ्या बाईला विचारलं नाही की तुला काय मिळतं गं? जन्मात पहिल्यांदा तिला स्वतःच्या आवाजाची लाज वाटली.

गुरुवारी आरती झाल्यावर तिनं मंडळापुढं विषय काढला. तिचा मुलगा मुकुंद शाळेत मास्तर आणि देवळाच्या कमिटीचा सेक्रेटरी. तो चपापला. "आई, हे युनियनचं काम. मंडळाचं नाही."

"का रं? दत्ताला युनियनचं वावडं हाय व्हय?"

मंडळाच्या एकोणीस बाया नारळ घेऊन कारखान्यात गेल्या. आबासाहेबांनी खुर्च्या मागवल्या, चहा मागवला, सगळ्यांची विचारपूस केली. मग म्हणाले, "अक्का, धंदा निराळा, धर्म निराळा. देवळाला काय कमी पडतंय ते सांगा, उद्या पाठवतो."

"देवळाला न्हाय, शरणम्माला कमी पडतंय."

आबासाहेबांनी घड्याळाकडं बघितलं. "तो विषय आता राहू द्या. यंदा हुग्गीत काजू जास्ती घालू."

काजू! परतताना रिक्षात मुक्ताबाई तो एकच शब्द पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. देवळात आल्यावर कुणीतरी म्हणालं, महाप्रसादावर बहिष्कार टाकू. तशी ती उसळली. "अन्नावर राग काढता? गल्लीतली पोरं वर्षभर वाट बघत्यात त्या हुग्गीची. शिजलेलं अन्न वाया गेलेलं मला चालायचं न्हाय."

"मग करायचं काय?"

"ते मलाच कुटं ठावं हाय!"

चार दिवस तिचा नुसता जळफळाट. भाजी करपली, मुकुंदाचा डबा दोनदा अळणी गेला. पाचव्या दिवशी जेवता जेवता तिनं विचारलं, "मुकुंदा, अन्नदाता म्हंजे कोण रं?"

"ज्याच्या पैशानं अन्न शिजतं तो."

"आन् त्यो पैसा कुणाच्या हातानं आला?"

मुकुंदानं घास ताटात ठेवला. "आई, तू काय करणार आहेस?"

"भाकरी खा," मुक्ताबाई म्हणाली.

संध्याकाळी ती शरणम्माकडं गेली आणि चाळीसजणींची नावं विचारून घेतली. शरणम्माला वाटलं, अर्ज करायचा असेल. अर्ज कसला! ती चाळीस नावं मुक्ताबाईनं अभंगासारखी पाठ केली. भांडी घासताना म्हटली, फुलवाती वळताना म्हटली. निरोप एवढाच ठेवला, "सगळ्याजणींनी पंगतीला यायचं. मागं बसायचं न्हाय."

महाप्रसादाच्या दिवशी मांडवात पाचशे माणूस बसलं. भात पडला, आमटी पडली, शेंगाचटणी पडली. आबासाहेब रेशमी सोवळं नेसून हुग्गीच्या पातेल्याजवळ उभे होते, पळी हातात घेऊन. मुकुंदानं नेहमीप्रमाणं नावाची चिठ्ठी आणून दिली. मुक्ताबाईनं ती न उघडता कनवटीला खोचली.

"आजच्या महाप्रसादाचे अन्नदाते," तिनं आवाज लावला, आणि आबासाहेब एक पाऊल पुढं आले. "शरणम्मा. मायाक्का. लीला..."

पहिल्या तीन नावांना लोक नुसते एकमेकांकडं बघत राहिले. पाचव्या नावाला मांडवाच्या कडेला एक बाई उठून उभी राहिली. मग दुसरी. मुक्ताबाई ना अडखळली, ना घाई केली. प्रत्येक नाव तिनं तसंच पुकारलं जसं आठ वर्षं आबासाहेबांचं पुकारलं होतं. आपलं नाव देवळात एवढ्या मोठ्यानं कुणी घेईल, हे त्या बायांच्या स्वप्नातही नव्हतं. काहींनी पदर तोंडाला लावला. चाळीसावं नाव झालं तेव्हा चाळीसजणी ताठ उभ्या होत्या.

"मुक्ताक्का, ही काय थट्टा?" आबासाहेबांचा चेहरा लालबुंद.

"थट्टा न्हाय. पैसा तुमचा, व्हय, मान्य. पर तो एकेक टॉवेल शिवून उभा केला ह्यांनी. पहिली पळी ह्यांच्या हातची. तुमी पानावर बसा."

आबासाहेबांनी पंगतीकडं पाहिलं. पाचशे माणसांचे हात मांडीवर. एक पोरगं आमटीकडं सरकलं, तर त्याच्या आजीनंच त्याचा हात धरला. तेवढ्यात मुकुंद उठला. मुक्ताबाईला वाटलं, हा आता माफी मागणार! मुकुंदानं पहिल्या रांगेत एक पाट मांडला, पत्रावळ ठेवली आणि हात जोडून म्हणाला, "बसा, आबासाहेब." ह्या भित्र्या पोराचा तिला एवढा अभिमान कधी वाटला नव्हता.

माणूस देवभोळा म्हटलं ना, भरल्या पंगतीतून पाठ फिरवून जाणं त्यांच्यानं झालं नाही. आबासाहेब पाटावर बसले. शरणम्मा पळी भरून समोर आली. दोन बोटं सरळच, पळी तिनं अंगठ्यानं दाबून धरलेली.

"बोटांना काय झालं?" त्यांनी विचारलं.

"टॉवेल, साहेब."

त्यांनी वाकून ती बोटं बघितली. मग खाली मान घालून म्हणाले, "सोमवारी ये. तुझं मशीन तुझंच."

शरणम्मानं पळी रिकामी केली नाही. मागं वळून तिनं बाकीच्याजणींकडं बघितलं.

"आन् दर?" मुक्ताबाईनं लांबूनच विचारलं.

"सात," आबासाहेब पुटपुटले.

"पंगतीला ऐकू न्हाय आलं!"

"सात रुपये! सगळ्यांना! दत्ताच्या दारात सांगतोय!" म्हणजे आवाज त्यांनाही होता की!

शरणम्मानं पळी त्यांच्या पानात रिकामी केली आणि पुन्हा भरली. आबासाहेबांनी पानावर हात आडवा धरला. "बास. थोडीच."

"पोटभर घ्या की, साहेब," शरणम्मा म्हणाली. "आमी मोजून वाढत न्हाय."

मुक्ताबाईनं माईक बाजूला सारला आणि श्लोक उचलला.