मागची घ्या

"मावशी, ही कडी शेवटची कधी उचलली होती?"

कडी — बसच्या मधल्या दाराशी, जमिनीत बसवलेली, लहान मुलीच्या बांगडीएवढी, तिच्या खाचेत धूळ आणि कुणीतरी चघळून टाकलेलं च्युइंगगम. ती उचलली की फळी उलगडते आणि चाकांची खुर्ची अलगद आत येते, निदान दारावरच्या चित्रात तरी येते. वर्गातल्या नुई आणि फ्रेनं डिवचलं होतं, "विचार की कंडक्टरला! भाषणात पहिली येतेस ना? इथं का दातखीळ बसली?" आणि खिमनं विचारलं, खणखणीत, अख्ख्या बसला ऐकू जाईल असं. फक्त 'मावशी' म्हणताना जीभ किंचित अडली... कारण कंडक्टर तिची आई होती, आणि हे मैत्रिणींना ठाऊक नव्हतं.

आईनं तिकिटांची पत्र्याची नळी दोनदा खडखडवली. खिमकडे पाहिलं — कुणाही मुलीकडे पाहावं तसं — आणि म्हणाली, "बस कडेला लागली तर उचलणार ना, बाळ? ड्रायव्हरसाहेब उभी करतात रस्त्याच्या मधल्या रांगेत. फळी काय मोटारींच्या टपावर टाकू? चला, आत सरका, आत!"

बस हसली. नुई तर खिमच्या खांद्यावर कोसळलीच. खिमही हसली, आणि हसता हसता, नको नको म्हणत असताना, तिला आठवलं... हाच आवाज, हाच सूर.

गेल्या वर्षीची ती पौर्णिमा. याय, आईची आई, पांढरं पोलकं आणि विणलेली टोपी घालून खुर्चीत, बँकॉकच्या त्या रणरणत्या थांब्यावर. मागं खिम, खुर्चीच्या मुठी धरून. विहार सहा थांब्यांवर, पण पाय गेल्यापासून तिला तो दिसलाच नव्हता. तीन बसना तिनं हात केला, तिन्ही निघून गेल्या, आणि चौथी आली ती आईची. मधल्या रांगेत थांबली. दार उघडलं. दारात आई... मागून भोंगे, ड्रायव्हरची ओरड, आणि आईनं सरळ दोघींकडे बघत, रोजच्याच सुरात सांगितलं, "आजी, मागची घ्या! मागची रिकामी आहे!"

दार मिटलं.

मागची आली, थांबली नाही. याय मात्र हसत होती. "काय आवाज आहे गं माझ्या पोरीचा! टोपीमुळं ओळखलं नाही तिनं. घरी बोलू नकोस हं, उगाच जिवाला लावून घेईल." खिम नाही बोलली. यायनं ते पोलकं पुन्हा कधी बाहेर काढलं नाही. काढलं ते घरच्यांनी, तिला शेवटचं घालायला... येत्या रविवारी तिला जाऊन शंभर दिवस होतील.

उतरताना आई दारातच होती. मैत्रिणींना ऐकू जाणार नाही इतक्या हळू तिनं विचारलं, "जेवलीस?" आणि खिम न ऐकल्यासारखं करून उतरली. मागं दार मिटलं. वर्षभर जपून ठेवलेला राग होता, धार लावलेला, आईला कधीतरी भर माणसांत ऐकवायचा म्हणून... तो आता कुणावर काढायचा? आईला आजी म्हणणारी एक, आईला मावशी म्हणणारी एक. दोघींनी पाहिलं होतं, दोघींनी ओळखलं होतं.

संध्याकाळी आमलेट-भात होता. बाबा म्हणाले, "रविवारी याय बसायची ती खुर्ची विहाराला दान द्यायची. टुकटुकवाल्याला सांगून ठेवू?" आई ताटातला भात नुसता चिवडत होती. खिमनं चमचा खाली ठेवला. आता आपण करतो आहोत ती माफी आहे की सूड, हे तिचं तिलाच कळेना, आणि पहिल्याच शब्दाला एरवीचा तो खणखणीत आवाज चिरकला.

"टुकटुक नको. खुर्ची मी नेणार, आईच्या बसनं. नुई आणि फ्रेलाही बोलावणार. आणि बस कडेला लागेपर्यंत मी थांब्यावरून 'आई, आई' म्हणून हाका मारणार आहे."