नबरूहचं प्रमाणित नाक

नबरूह गावात वास कुठून येतो हे विचारणारा माणूस परगावचाच असणार. गल्लीगल्लीत फेसीखची पिंपं. बोय मासा फुगू द्यायचा, मिठात पुरून त्याचा फेसीख करायचा, आणि शम्म अल-नसीम या वसंताच्या सणाला अख्ख्या इजिप्तने तो कांद्याबरोबर हाणायचा, यावर गावाचं पोट. आणि इब्तिहालने आपली वास कोंडणाऱ्या पिशव्यांची कंपनी काढली ती नेमकी याच गावात, बापाच्या फेसीखच्या दुकानावरच्या माडीत.

बाजारात तशा पिशव्या नव्हत्या असं नाही. पण त्या म्हणजे तीन-चार जातींच्या प्लास्टिकची आणि वर्खाची चळत. एकदा वापरली की कुणाच्या बापाला वितळवता येत नाही, थेट कालव्यात जाते. इब्तिहालची पिशवी एकाच जातीच्या प्लास्टिकची, वितळवून पुन्हा नवी करता येणारी, आणि वर केसाहून पातळ लेप. लेप जमला की हवा आत जाणार नाही, वास बाहेर येणार नाही.

जमला की नाही हे सांगणारं यंत्र तिच्या ऐपतीबाहेरचं होतं. मग उरलं नाक. पण कुणाचं? गावात जन्मलेल्याला सगळीकडूनच वास येतो, म्हणजे कुठूनच येत नाही. तिचा भागीदार किरोलोस रोज मन्सूराहून यायचा, पण जिना चढेपर्यंत त्याचंही नाक राजीनामा द्यायचं. अख्ख्या नबरूहात एकच नाक भरवशाचं, तिच्या वडिलांचं, हाजी शलबींचं. बंद पिंपाशेजारी उभं राहून मासा कुठल्या तळ्यातला ते सांगतात, अशी ख्याती.

वर्षभर रीत ठरलेली. इब्तिहाल नव्या लेपाच्या पिशवीत फेसीख भरून ती बंद करायची. हाजी माडीवर यायचे, डोळे मिटायचे, हुंगायचे आणि निकाल द्यायचे. पास झालेली पिशवी फळीवर, नापास झालेली जिन्याखालच्या खोक्यात.

आज फैसला होता. कैरोच्या पिशव्यांच्या कारखान्याचे मालक रामेझ बे, म्हणजे रामेझसाहेब, स्वतः आले होते. त्यांना लेप पटला तर त्यांच्या कारखान्यात तिचं लेप चढवायचं यंत्र बसणार. नाही पटला तर कंपनीला कुलूप, आणि इब्तिहालने रंगाच्या कारखान्यात भिंतींचे रंग ढवळायला जायचं, असं तिने घरी कबूल केलं होतं. बेंना आणायला ती आठवडाभर कैरोत राहून आज त्यांच्याच गाडीतून परतली होती.

तिने फळीवरची सगळ्यात चांगली पिशवी बशीत ठेवली. रामेझ बेंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

हाजींनी हुंगलं. "काही नाही. फुलासारखी स्वच्छ."

"हाजी, मला जरा... येतोय असं वाटतंय."

"बे, तुम्ही खालच्या दुकानातून वर आलात. तुमच्या कोटाला लागलाय तो."

बेंनी बाही हुंगली आणि कोट काढला.

"आता कमी झाला ना?"

"थोडासा," बे म्हणाले. एवढ्या नामांकित नाकापुढे नाही कसं म्हणणार? मग टाय गेला, सदरा गेला. त्यांना संकोच वाटू नये म्हणून किरोलोसनेही सदरा उतरवला. रामेझ बे बनियनवर बसून मोजे हुंगू लागले.

इब्तिहाल पिशवीवर वाकली आणि झटकन मागे सरकली. कैरोच्या हवेने तिचं नाक धुऊन निघालं होतं. पिशवी चक्क घाण मारत होती.

तिने रुमालावर लिंबाचं अत्तर भसाभसा ओतलं आणि बापाच्या मिटल्या डोळ्यांखाली धरलं. "आणि ही पिशवी, बाबा?"

"नापास," हाजी गंभीरपणे म्हणाले. "मासाही खारट झालाय."

तिने त्यांना हाताला धरून जिन्यात नेलं.

"ते लिंबाचं अत्तर होतं, बाबा. कधीपासून?"

हाजींनी भिंतीकडे पाहिलं. "मागच्या थंडीत, तुझी पहिली पिशवी व्हायच्या आधी, ताप आला होता ना, तेव्हापासून."

"आणि खाली विकता ते? बिघडलेल्या फेसीखने माणसं मरतात, बाबा!"

"ओरडू नकोस. खाली तुझी आई असते पडद्याआड. चांगला असला की एकदा खोकते, बिघडला की दोनदा."

"आणि माडीवर?"

"माडीवर कशी येणार ती? गुडघे कुठे आहेत तिला?"

"मग पास-नापास कशावरून ठरवत होतात?"

"चार पास केले की एक नापास करायचो. सगळंच पास केलं असतं तर नाकावर विश्वास कुणी ठेवला असता?"

इब्तिहालला बापाचा असा राग आला की रडावं की हसावं कळेना. वर एक शहाणा माणूस बनियनवर बसून सही करायला तयार होता. झाकली मूठ सव्वा लाखाची. पण त्या पिशव्या दुकानात गेल्या की आठवड्यात बोंब होणार.

"तुम्ही इथेच थांबा," ती म्हणाली. "लेप फसला, चूक माझी, एवढंच सांगते मी. तुमचं नाव मध्ये येणार नाही."

हाजी तिच्याकडे बघत राहिले. मग जिना उतरून खाली गेले.

थोड्या वेळाने जिन्यात धडपड ऐकू आली. हाजी शलबी आणि शेजारचा दुकानदार अबू सित्ता, ज्याला हाजींच्या नाकाचा जन्मभर हेवा, दोघं इब्तिहालच्या आईला, वदादबाईंना, खुर्चीसकट वर आणत होते. मागे निम्मी गल्ली.

"बे," हाजी धापा टाकत म्हणाले, "या घरचं नाक हे. माझं नुसतं नाव आहे. मला तर अत्तरसुद्धा कळत नाही."

अबू सित्ताच्या हातून खुर्ची निसटता निसटता राहिली. पण तो हसला नाही. गल्लीतही कुणी हसलं नाही.

वदादबाईंनी फळीवरच्या पिशव्या एकेक हुंगल्या. "शी! ही पण शी! वर्षभर हेच उद्योग केलेत?" इब्तिहालचा चेहरा पडला. "आणि त्या खोक्यात काय आहे, जिन्याखाली?"

"त्या नापास आहेत, आई."

"कुणी केल्या नापास? यांनीच ना? आण इकडे."

तीन पिशव्या त्यांनी भिरकावल्या. चौथी नाकाशी धरली. उलटी करून धरली. रुमालाने नाक पुसून पुन्हा धरली.

"ही रिकामी आहे."

"नाही गं, मासा आहे आत."

"मला शिकवतेस? बोय माशात जन्म गेला माझा!"

किरोलोसने कात्री आणली. टोक कापलं मात्र, माडीवर हाहाकार झाला. अबू सित्ताने कुणाच्या तरी आजोबांचा उद्धार केला. रामेझ बे खिडकीबाहेर लोंबकळून ओरडले, "सही कुठे करायची तेवढं सांगा!" वदादबाई डोक्यावरच्या ओढणीने डोळे पुसत, खोकत, हसत होत्या. "कोंडला होता गं! अख्खाच्या अख्खा कोंडला होता!"

मधोमध हाजी शलबी एकटेच शांत उभे. ते एकेकाचं तोंड निरखत होते. मग त्यांनी ती कापलेली पिशवी दोन्ही हातांनी उचलली, तोंडाशी धरली, छातीभर श्वास घेतला आणि लेकीकडे पाहिलं.

"आलाय का गं? कसा आहे?"

"भयंकर आहे, बाबा," इब्तिहाल रडत म्हणाली. "फार फार भयंकर आहे."