साहेबांच्या गालात वारा

धरणाचं पाणी चढलं आणि शकुनबाईचं माहेर लांब गेलं. गाव जागचं हललं नव्हतं, मधला रस्ता तेवढा बुडाला होता. पूर्वी ती सकाळची भांडी घासून चालत धाकट्या बहिणीकडे, उषाबाईकडे जायची. आता भंडाऱ्याला वळसा घालून दोन बस बदलाव्या लागत, आणि दुसरी बस यायची की नाही ते त्या बसच्या मनावर होतं.

डोंगा चालवणारा डोमा तिला पलीकडे नेत नसे. त्याची मासोळी शिळी आहे, असं तिनं एकदा भर बाजारात म्हटलं होतं.

अंगणवाडीतून निवृत्त झाल्यावर शकुनबाईनं दिराला सांगितलं, "अतुल, आपणच नाव बनवू."

"वहिनी, मी दिवाण बनवतो."

"मंग दिवाणच बनव. फक्त तरंगला पाहिजे."

त्याप्रमाणे दिवाणच बनला. जुन्या कपाटांचा प्लाय, सांध्यांत डांबर, मधोमध बांबू. शिडासाठी चौकातला फ्लेक्स काढला. त्यावर हात जोडलेले साहेब होते. वाढदिवस कधीच उलटला होता, तरी ते शुभेच्छा घेत उभेच होते.

"साहेबाले काहून उतरवून राहिले?" पानठेल्यावरून कुणी विचारलं.

"कामाले लावून राहिलो," शकुनबाई म्हणाली.

पहिल्या दिवशी नाव पुढे जायचं सोडून आडवीच सरकत गेली. काठावर डोमा हसून हसून खोकला. अतुलनं मग दाराची जुनी फळी बिजागरीनं बाजूला टांगली, पाण्यात खोल उतरेल अशी. नाव सरळ चालायला लागली, निदान अतुलच्या मते सरळ.

लाखोळीच्या डाळीचे वडे डब्यात भरून दोघं निघाले. साहेबांच्या गालात वारा भरला, नाव झोकात निघाली आणि मधोमध येऊन थांबली. वारा पडला. साहेबांचं तोंड सुकल्या वांग्यासारखं झालं.

शकुनबाई पाण्यात बघत बसली. खाली कुठंतरी तो रस्ता होता. त्यावरून दोघी बहिणी शाळेत जायच्या, भांडत जायच्या, परतताना आणखी भांडायच्या.

डोमा डोंगा घेऊन जवळ आला. "दोर टाकतो. पण आधी म्हण, मासोळी ताजी होती."

"शिळीच होती."

डोमानं वल्हं आडवं ठेवून बिडी पेटवली. तिघंही तसेच बसले. डब्यातले वडे शकुनबाईनं फक्त अतुलला दिले.

बिडी संपायच्या आत वारा सुटला, तोही असा की नाव थांबवायची कशी हे आपण ठरवलंच नव्हतं, ते अतुलला तेव्हा आठवलं. पलीकडच्या काठावर उषाबाईच्या म्हशी डुंबत होत्या. नाव थेट त्यांच्यात घुसली. म्हशी चौफेर पळाल्या.

उषाबाई कमरेवर हात ठेवून उभी. "इतक्या वर्षांनी आली, आन् म्हशी बुजवाले आली?"

"बस मिळाली नाही," शकुनबाई म्हणाली.

उषाबाईनं नाव डोळे भरून पाहिली. साहेबांकडे पाहून पदर सावरला. मग लुगडं खोचून सरळ आत येऊन बसली. "चाल, मले फिरव."

"घरी चहा तरी ठेव."

"चहा रोजच पेते."

अतुलनं नाव ढकलली. पाण्यावरून स्वतःचं घर उषाबाई पहिल्यांदाच बघत होती. "आपला रस्ता इथंच होता ना?" तिनं विचारलं.

"इथं नाही, तिकडं."

"तिकडं कसा? इथंच."

दोघी जुंपल्या. अतुल बुडाशी बसून मगानं पाणी उपसत होता. नाव गळते आहे हे त्यानं दोनदा सांगितलं, पण ऐकायला कुणी मोकळं नव्हतं.