तीन वर्षांच्या मुलींचा अल्बम

आईने पुन्हा अल्बमचं पहिलं पान उघडलं. सकाळपासून चौथ्यांदा.

एका पानावर सहा फोटो. खाली नाव नाही, गाव नाही, नुसता आकडा. लढाईच्या धावपळीत हरवलेल्या मुली. पांढऱ्या पडद्यातून ऊन यायचं, जायचं, आणि झोपेत कूस बदलावी तसे ते चेहरे उजळायचे, विझायचे.

समोर अल्बमवाली बसली होती. हरवलेली मुलं घरी पोचवणाऱ्या या संस्थेत सगळे तिला याच नावाने हाक मारत. संस्थेची सुरुवात म्हणे एका मास्तरीणबाईंच्या हजेरीपटातून झाली. पळणाऱ्या गर्दीत सापडलेली मुलं बाई शाळेच्या बाकांवर बसवायच्या आणि एकेकाची खूण लिहून ठेवायच्या. आता संस्था देशोदेशी पोचली होती, पण नियम बाईंचाच होता. बोट दाखवायचं नाही, मूल आईनेच ओळखायचं. आसुसलेली आई दाखवाल त्याला आपलं म्हणते.

"वहिनी, झिजतील हो ते फोटो," शेजारी बसलेली नणंद म्हणाली.

"झिजू देत. तुम्ही बाहेर बसा हवं तर, वन्सं."

"बाहेर बसून काय करू? माशा मारू?"

अल्बमवालीने हसू ओठांत दाबलं आणि उगाच अर्ज पुढे ओढला. वय, तीन वर्षं. अक्षर आईचं. मग अल्बमवालीची नजर हरवल्याच्या तारखेवर गेली. तिला एकदम घरचे बूट आठवले. दोन महिन्यांपूर्वी घेतलेले, आणि काल तिच्या स्वतःच्या लेकीचा पाय त्यात जाईना.

ती उठली. कपाटातून दुसरा अल्बम काढून तिने टेबलावर ठेवला. बोट दाखवायला बंदी होती, अल्बम आणायला नव्हती. त्याच्या पाठीवर लिहिलं होतं, 'वय सहा'.

"हा कशाला?" आई म्हणाली. "माझी तीन वर्षांची आहे. कडेवरून उतरत नाही अजून."

पडदा फुगला आणि बसला.

"वहिनी," नणंदेचा आवाज खाली आला होता, "पोरं काय फोटोतल्यासारखी जागच्या जागी बसून राहतात का?"

आईने हातातला अल्बम छातीशी धरला. तिच्याकडे तीन वर्षं तीच एक दुपार चालू होती. पुलावरची गर्दी, मुठीत इवलीशी बोटं, मग मुठीत नुसती हवा. बऱ्याच वेळाने तिने अल्बम मिटला, त्याच्या कडेवरून तळवा फिरवला आणि तो अल्बमवालीकडे सरकवला.

"ताई, सहाव्या वर्षी पुढचे दात पडतात ना?"

"पडतात. काहींचे दोन्ही एकदम."

"मग हसताना तोंडावर हात धरत असेल," ती म्हणाली. "लाजरी आहे."

आणि तिने नवा अल्बम जवळ ओढला.