दुहेरी वेढा

"ही गाठ आहे का फास?" मुकादमाने चादरींचं गाठोडं टेबलावर आदळलं. "ऐन ऑपरेशनच्या वेळी नर्सला सुटेना. अशाच एका गाठोड्याला शेवटी कात्री लावली! मोठे डॉक्टर स्वतः खाली येतायत. आता तुझी धडगत नाही, ताई."

हॉस्पिटलच्या धुलाईखात्यात तिला सगळे ताईच म्हणत.

"सैल बांधलं की ट्रॉलीत सुटतं, तेव्हाही तुम्हीच बोंबलता," ताई म्हणाली. "धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं!"

"चारचौघींसारखी फुलाची गाठ बांध की!"

पण तिच्या हाताला हीच गाठ बसलेली. पहिला वेढा दुहेरी, दुसरा उलटा. धाकटा भाऊ डॉक्टरकी शिकत होता, तेव्हा त्याच्या पुस्तकातलं चित्र पाहून खुर्चीच्या पायाला ती आधी हिनेच बांधली. त्याला आठ दिवस जमेना, रडकुंडीला आला. मग हिने त्याची बोटं धरून शिकवली.

शाळेत पहिली यायची ती. तो काठावर पास. तरी बाप म्हणाला, "पोरगी शिकून काय दिवे लावणार?" बापाला एकट्याला कशाला शिव्या द्यायच्या? अख्खी गल्ली त्याच्या तोंडून बोलत होती. माना डोलावणाऱ्यांत बायाही होत्या.

नवरा गेल्यावर भावाने तिला इथे चिकटवलं. अट एकच: नातं सांगायचं नाही.

मोठे डॉक्टर आले. मागोमाग एक शिकाऊ डॉक्टरीण. गाठोडं पाहून ती थबकली. "सर, ही तर आपली टाक्यांची गाठ! मला महिना लागला. कुणी शिकवली हो, ताई?"

ताईने भावाकडे पाहिलं. त्याने फक्त खरं बोलायचं होतं.

"बघून बघून शिकतात ही माणसं," डॉक्टर म्हणाले. "बाई, उद्यापासून साधी गाठ. नाहीतर दुसरीकडे काम बघा."

आणि ते जिन्याकडे वळले.

पोरगी रेंगाळली. "ही गाठ सोडून दाखवता मला?"

ताईने तिची बोटं हातात घेतली, एक टोक करंगळीत अडकवून आडवं ओढलं. गाठ घसरली.

"अय्या! सरही अस्संच करंगळीने ओढतात!"

"हो का?" ताई म्हणाली.

जिन्यातली पावलं थांबली. क्षणभराने वर निघून गेली.

मुकादम बघत उभा होता. ताईने दुसरं गाठोडं पुढ्यात ओढलं आणि फुलाची गाठ घालायला घेतली. शेंबडं पोरही बांधेल अशी गाठ. बोटांना जमेना.